अन्साबाईचं सोंग

सगुणा चांगली बाई होती असं मी म्हणणार नाही. तोंडानं फटकळ, कामाला चुकार, आणि दुसऱ्याच्या ताटातला कांदा न विचारता उचलणारी. पण ती मेल्याला इतकी वर्षं झाली तरी माझ्याकडं येणारी माणसं तिच्याबद्दलच विचारतात. तिचा तो सिनेमा कसा झाला, म्हणतात. सिनेमा तिचा नव्हता. त्यात ती कुठंही दिसत नाही. हे एकदा नीट सांगावं म्हणून लिहिते.

आमचं जुनं गाव भीमेच्या काठाला होतं. उजनी धरणाचं पाणी आलं आणि गाव खाली गेलं. आम्हाला वर माळावर जागा मिळाल्या. इंदापूरकडून हमरस्त्यानं गेलं की दिसतं ते आमचं नवं गावठाण. आमच्या बौद्धवाड्यात शाहीर तात्यांचं कलापथक होतं. गाणी तेच लिहायचे, चाली तेच लावायचे, आणि तबल्यावाला आला नाही तर तबलाही तेच बडवायचे. मी कपडेपट सांभाळायची. लुगडी, खोटे दागिने, दाढ्यामिशा असं सगळं एका ट्रंकेत. बायकांना लुगडं नेसवणं आणि पुरुषांच्या मिशा चिकटवणं हे माझं काम. मला गाता येत नाही आणि लोकांसमोर उभं राहायची हौसही नाही.

सगुणा दिवसा लोणी देवकरच्या एका कारखान्यात झाडलोट करायची. तिथला मुकादम तिला घाबरून असायचा. कार्यक्रम असला की दुपारीच कुणाला न सांगता निघून यायची. एकदा मुकादम म्हणाला, "सगुणाबाई, सांगून तरी जात जा." ही म्हणाली, "सांगितलं तर तुमी न्हाय म्हनाल. मग मी तुमचं ऐकलं न्हाय असं हुईल. त्यापरास न सांगितल्यालं बरं. तुमचाबी मान ऱ्हातो."

तिची सगळी ख्याती एका नाटकावर. नाटकाचं नाव 'थोरलीचा उंबरा'. निम्मं गाण्यात, निम्मं बोलण्यात. ते खऱ्या बाईवर बेतलेलं होतं, आणि ती बाई म्हणजे सगुणाची थोरली जाऊ, अन्साबाई.

अन्साबाईला मी ओळखत होते. सगुणा लग्न होऊन आली तेव्हा परकरातून नुकती लुगड्यात आलेली पोर. तिला भाकरी थापायला शिकवलं अन्साबाईनं, वेणी घातली अन्साबाईनं, सासूच्या हातचा मार चुकवायचा कसा तेही तिनंच दाखवलं. अन्साबाई डावरी होती. भाकरी डाव्या हातानं उलथायची, पाणी डाव्या हातानं द्यायची. सासूला ते खपायचं नाही. तिनं एकदा तापलेल्या उलथण्याचा डाग त्या हाताच्या पाठीवर दिला. जखम भरली, सवय गेली नाही. सासू समोर असली की उजवा हात, सासूची पाठ वळली की डावा. तिनं सारवलेली जमीन लांबूनच ओळखू यायची. आपण सारवतो तेव्हा हाताची कमान एका बाजूला वळते. तिची दुसऱ्या बाजूला वळायची.

पाणी वर चढायला लागलं तशी माणसं दारं, खिडक्या, तुळया काढून माळावर घेऊन आली. मागं नुसत्या भिंती राहिल्या. अन्साबाई रोज खाली जायची आणि त्या बिनदाराच्या घराचा उंबरा सारवून यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, घर हाय तवर घरासारखं ऱ्हावं. एक दिवस ती गेली आणि पाणी एकाएकी वाढलं. लोक होड्या घेऊन फिरले. काही मिळालं नाही. लुगड्याची चिंधीसुद्धा नाही. सासू म्हणाली, "डावरी हुती. कवातरी हे हुनारच हुतं." तिला कुणी काही बोललं नाही. सगुणानं मात्र पुढं सासू मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

तात्यांनी यावर नाटक लिहिलं तेव्हा अन्साबाई कोण होणार असा प्रश्न आला. सगुणा तोवर कोरसमध्ये मागं उभी राहून गायची. ती पुढं आली आणि म्हणाली, "सोंग मी घेनार. दुसरी कुनी उभी ऱ्हायली तर खालनं दगड मारीन."

कुणी उभं राहिलं नाही.

आता तिची रीत सांगते. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून ती उजवा हात वापरायची नाही. जेवायची डाव्या हातानं, मिश्री लावायची डाव्या हातानं, भांडताना बोट नाचवायची तेही डावं. पोरं हसायची. मी लुगडं नेसवताना ती डोळे मिटून उभी राहायची आणि मधेच तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायची. मला वाटायचं गाण्याचे बोल म्हणते आहे. एकदा कान दिला तर ती म्हणत होती, "हितंच बसा. लांब नका जाऊ. पेटी सुरू झाली की या." मी इकडं तिकडं पाहिलं. आम्ही दोघीच होतो.

नाटकाच्या शेवटी ती घमेल्यात शेण घेऊन बसायची आणि डाव्या हातानं खरोखर सारवायची. फळ्यांवर, सगळ्यांसमोर. सारवता सारवता तात्यांचं गाणं म्हणायची.

येतंय पाणी येऊ दे गं,
ओलाच उंबरा ऱ्हाऊ दे गं.

आवाज काही फार गोड नव्हता. जरा फाटकाच होता. पण त्या वेळी समोर बसलेल्या बायका आपापले पाय जवळ ओढून घ्यायच्या. पाणी लागल्यासारखे.

कार्यक्रम झाल्यावर ती कधी कुणाला 'कसं झालं' असं विचारायची नाही. स्वतःच सांगायची. "आज ती आलती." किंवा, "आज न्हाय आली, नुसती मीच हुते." लोकांनी टाळ्या कितीही वाजवल्या असोत, तिचा हिशेब वेगळा. नुसती तीच असली की त्या दिवशी ती जेवायची नाही.

आमच्या कार्यक्रमाची सुरुवातच भूतखेत, अंगात येणं, देवऋषी यांची टर उडवणाऱ्या गाण्यांनी व्हायची. तात्यांनी तिला एकदा धरलं. "सगुणे, आपुन बुद्धाची मानसं. पैल्या गान्यात लोकांला सांगतो भूत नसतंय, आन् तू आत बसून भुतासंग बोलती. लाज हाय का?"

"तात्या, भूत कुठं म्हनलं मी? जाऊ हाय ती माझी."

"मेलीय ती!"

"मग मेल्यावर नातं तुटतंय व्हय? तुमी बाबासायबाच्या फोटूपुढं रोज काय बोलता?"

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पेटी नीट करायला निघून गेले.

वडगाव निंबाळकरच्या जत्रेत पुढं बसलेल्या एकानं मधेच आवाज टाकला होता, "ए बाई, उजव्या हातानं सारव की! घरात बरकत न्हाय यायची!" सगुणानं हात थांबवला नाही. त्याच सुरात, गाण्यातलीच ओळ असल्यासारखं म्हणाली, "बरकत आली असती तर तुझं त्वांड कशाला बघितलं असतं रं?" मंडपभर हशा झाला. आणि हशा संपायच्या आत तिनं मान वर करून समोर असं पाहिलं, की तो माणूसच घाबरून मागं वळून बघायला लागला, आपल्या मागं कोण उभं आहे ते.

एवढं असताना तो डायरेक्टर आला.

बारामतीला एका मंडळानं आमचा कार्यक्रम ठेवला होता. पुण्याहून आलेला हा माणूस पुढं सतरंजीवर मांडी घालून बसला होता. गोरा, दाढीवाला, बोलायला मऊ. नाटक संपल्यावर आत आला. म्हणाला, यावर सिनेमा करायचा. तात्यांच्या हातातली टोपी खाली पडली. सगळ्यांना वाटलं, आता सगुणा पडद्यावर जाणार. पेटीवाल्या गणपतरावांनी तर तिला तिथंच नमस्कार केला. "नटीबाई, आमाला वळख द्या बरं का." ती म्हणाली, "तुमाला वळखून काय करू? तुमची पेटी हाय का आंघुळीचा बंब, तेच अजून वळखलं न्हाय."

पण तिला हवं होतं. मला कळत होतं. हौस म्हणून नव्हे. सिनेमा होणार म्हणजे अन्साबाईचं सोंग कुणीतरी घेणार, आणि ते दुसऱ्या कुणी घेऊ नये, एवढंच तिचं होतं. परत येताना टेम्पोत मला म्हणाली, "गये, ती दुसऱ्याच्या अंगात गेली तर परत वाट घावंल का तिला?"

मी म्हटलं, "झोप गप."

पुढच्या महिन्यात बारामतीच्या एका लॉजवर सगळ्यांना बोलावलं. खोलीत दिवे लावलेले, कॅमेरा एका तिपाईवर. एकेकाला उभं करून बोलायला लावायचे आणि लगेच टीव्हीवर दाखवायचे. गणपतरावांना गावातला दुकानदार म्हणून घेतलं. तात्यांना शाळामास्तर म्हणून घेतलं. सगुणा उभी राहिली. तिनं नाटकातलंच बोलून दाखवलं, जसं जत्रेत बोलायची तसं, अगदी मागच्या माणसाला ऐकू जाईल असं. मग टीव्हीवर पाहिलं. डोळे वटारलेले, तोंड एवढं मोठं, मानेच्या शिरा टरारलेल्या. ती स्वतःच म्हणाली, "ही कोन कैदाशीण?"

सगळे हसले. डायरेक्टर हसला नाही. त्यानं तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि सरळ सांगितलं. ते मला आवडलं. तो म्हणाला, "सगुणाबाई, अन्साबाई गेली तेव्हा तिशीच्या आतली होती. तुम्ही चाळिशी ओलांडली. स्टेजवर ते लपतं, कॅमेऱ्यात लपत नाही. आणि ओळखीचा चेहरा असल्याशिवाय हा सिनेमा कुणी लावून घेणार नाही. मुंबईची एक मुलगी घेतोय. तुमच्यासाठी सासूची भूमिका आहे. मोठी आहे."

सगुणा खुर्चीवरून उठली.

"जिनं तिच्या हातावर डाग दिला," ती म्हणाली, "ती मी हुयाची?"

"नाटक आहे, सगुणाबाई."

"तुमचं नाटक आसंल."

तात्या मधे पडले, समजावून पाहिलं, रागावूनही पाहिलं. ती हलली नाही. शेवटी स्वतःच म्हणाली, "करू द्या त्या पोरीला. मी शिकवीन. पन एक. सगळं डाव्या हातानं झालं पायजे. सारवनं, भाकरी, पानी देनं, समदं. तिचा हात मोकळा ऱ्हायला पायजे."

डायरेक्टर म्हणाला, "शब्द देतो." तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. मी त्याचं तोंड पाहत होते.

ती नटी आली उन्हाळ्यात. नाव सांगत नाही, आता ती मोठी झाली आहे. मला वाटलं होतं नखरेल असेल. तशी नव्हती. इंदापूरला उतरायची आणि सकाळीच आमच्या वस्तीवर यायची. सगुणाच्या घरात जमिनीवर बसायची. मी तिला नऊवारी नेसून चालायला शिकवलं. पहिल्या दिवशी दोनदा आपटली आणि स्वतःच खदखदून हसली.

सगुणानं तिला सोलून काढलं. "पोरी, जिमीन सारवती का भिताडाला रंग देती?" "भाकरी हाय ती, झोपल्यालं पोर न्हाय. जरा जोरात थाप." पोरगी सगळं ऐकायची. एकदा सगुणा चिडून बोलेनाशीच झाली तेव्हा म्हणाली, "मावशी, शिव्या द्या, पण गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते." त्यावर सगुणा पहिल्यांदा तिच्याकडं बघून हसली. मग तिची वेणी घालून दिली. सगुणा कधी कुणाची वेणी घालत नसे.

त्या मुलीनं एक दिवस विचारलं, "मावशी, शेवटच्या दिवशी ती तुमच्याशी काय बोलली?"

हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं. तात्यांच्या नाटकात शेवटी अन्साबाई मोठं भाषण करते. गाव, माती, धरण, सगळं त्यात येतं. टाळ्या पडायच्या त्याला.

सगुणा तवा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "काय म्हनायचंय. चुलीवर डाळ हुती. म्हनली, सगुणे, डाळ उतू जाऊ देऊ नको. मी आलेच."

"बस?"

"मंग आनि काय? मरायला चाललेलं माणूस सांगून जातंय व्हय?"

शूटिंग पाण्याच्या काठाला झालं. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं. जुन्या गावाची जोती, देवळाचा चौथरा, विहिरीचं कडं असं वर येतं आणि सगळ्यावर चिखलाची साय असते. डायरेक्टरनं त्या चिखलात घर उभं करायचं टाळलं आणि जरा वरच्या अंगाला बांबू, तट्ट्या आणि मातीचं घर उभं केलं. उंबरा मात्र खरा होता. कुणाच्या तरी जुन्या घराचा आणून बसवला होता.

डाव्या हाताचं जमेना. त्या मुलीनं जीव तोडून केलं. पण कॅमेऱ्यात बघितलं की तो हात कुणाचा तरी उसना आणल्यासारखा दिसायचा. भाकरी तुटायची, शेणाचा पट्टा वाकडा जायचा, आणि ती सगळं लक्ष हातात घालून बसायची. तोंड रिकामं. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी डायरेक्टरनं सांगितलं, उजव्या हातानं कर.

सगुणा लोकांतून वाट काढत त्याच्यापुढं उभी राहिली. "तुमी शब्द दिलता."

"दिला होता," तो म्हणाला. "पण डावा हात दिसला की माणसं हाताकडंच बघतात. मला त्यांनी तिच्या तोंडाकडं बघायला हवंय."

"तिच्या त्वांडाकडं कवा कुनी बघितलंच न्हाय. समद्यांनी हातच बघितला."

तो कॅमेऱ्याकडं वळला. नटी पुढं आली आणि सगुणाचा हात धरला. "मावशी, माझा डावा हात खोटा आहे. तुम्हाला दिसतंय ना?" सगुणानं हात सोडवून घेतला. मला वाटलं ती आता घरी निघून जाणार. पण ती कॅमेऱ्याच्या बाजूला माझ्याजवळ येऊन बसली, दगडावर. आपला डावा हात तिनं मांडीखाली दाबून ठेवला होता.

मग ते दृश्य झालं. मुलगी घरातून बाहेर आली, घमेलं घेऊन. उंबऱ्यात थांबली. आत वळून बघितलं. तात्यांचं भाषण तिनं म्हटलंच नाही. आवाज न चढवता, घाईत असल्यासारखं म्हणाली, "सगुणे, डाळ उतू जाऊ देऊ नको. मी आलेच."

आणि माझ्याजवळ बसलेली सगुणा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "व्हय, जाऊबाई."

मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू गेलं. कोण बोललं, कोण बोललं असा ओरडा झाला. आवाज टिपणारा, कानाला यंत्र लावलेला माणूस कपाळाला हात लावून बसला. नटी मात्र उंबऱ्यात तशीच उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डायरेक्टरनं पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा केलं, पुन्हा केलं. मलासुद्धा कळलं की पहिल्यासारखं होत नाही. सिनेमात त्यांनी पहिलंच ठेवलं, सगुणाचा आवाज काढून टाकून.

सगुणा मला म्हणाली, "ती आलती."

"कुठं?"

"त्या पोरीत. बघितलं न्हाय का तू? माझ्याकडं बघितलं बी न्हाय तिनं. तिच्यातच गेली."

त्यानंतर शेळगावला आमचं नाटक होतं. मी लुगडं नेसवलं, ती डोळे मिटून उभी राहिली, पण तोंडातल्या तोंडात काही बोलली नाही. शेवटी घमेलं घेऊन बसली. डावा हात शेणात घातला आणि हात थांबला. पेटी वाजत राहिली. मग तिनं उजव्या हातानं सारवायला घेतलं. लोकांना काही कळलं नाही. टाळ्याही वाजल्या. ती आत आली आणि म्हणाली, "लुगडं सोड."

पुन्हा तिनं ते सोंग घेतलं नाही. तात्यांनी एक तरणी मुलगी उभी केली. सगुणा तिच्या आडवी आली नाही, दगडही मारला नाही. तेव्हाच मला वाटलं, हिचं काही खरं नाही.

सिनेमा बारामतीच्या टॉकीजला लागला तेव्हा आम्ही वस्तीच्या वस्ती टेम्पोनं गेलो. गणपतराव पडद्यावर दिसले तेव्हा त्यांची बायको लाजून खुर्चीखाली बसली. गाणी मुंबईच्या गायिकेनं गायलेली, गोड. मी सगुणाला कोपरानं ढोसून विचारलं, वाईट वाटलं का. "गान्याचं काय? जाऊबाईला कुठं गाता येत हुतं. तात्याचं गानं हाय ते."

पण परत येताना ती टेम्पोच्या फळीला डोकं लावून बसली होती. म्हणाली, "हाय ती तितं. पन हात बांधलाय तिचा. मेल्यावर बी."

मला भूत पटत नाही. तेव्हाही पटत नव्हतं, आताही नाही. पण तिचं ते वाक्य ऐकल्यावर मला काही दिवस स्वतःचं अंगण सारवायला नको वाटायचं.

मग टॉकीजचा खेळ संपून तो सिनेमा जत्रांमधल्या तंबूत आला. ज्यांनी तंबू पाहिला नाही त्यांना सांगते. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असतो. मशीनच्या बाजूला पुरुष बसतात. गर्दी झाली की बायकापोरांना पडद्याच्या पलीकडं बसवतात. तिथून चित्र दिसतं, पण उलटं. पाटी उलटी, मोटार उलट्या बाजूनं येते, भांग दुसऱ्या बाजूला. आम्हाला त्याची सवय. कुणाला काही वाटत नाही.

शेळगावच्या जत्रेत सगुणा पलीकडं बसली. मी नव्हते. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली आणि उंबऱ्यातच मटकन बसली. इतक्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती. हसत होती का रडत होती कळेना.

"सुटला. गये, हात सुटला तिचा."

मला समजायला वेळ लागला. मागून बघितलं की त्या नटीचा उजवा हात डावा होतो.

त्या दिवसापासून सगुणा तंबूमागं लागली. तंबू ज्या जत्रेला जाईल तिथं ही जायची. कारखाना सुटला. कुणाच्या तरी ओळखीच्या घरी पडायची, दिवसभर त्यांचं काम करायची आणि दिवेलागणीला तंबूत पलीकडं जाऊन बसायची. तिचा नवरा गरीब माणूस. चावडीवर म्हणायचा, "लोकांच्या बायका नटासंग पळत्यात. माझी पडद्यासंग पळाली." लोक हसायचे. मग तो घरी येऊन एकटाच चूल फुंकत बसायचा. एकदा माझ्याकडं आला. "वैनी, तुमचं ऐकती ती. आना की तिला."

माझं ती कधीच ऐकत नव्हती. पण गेले. वडगाव निंबाळकरला तंबू होता. पलीकडं बायकांच्यात ती अगदी पडद्याला नाक लावून बसली होती. मी जाऊन शेजारी बसले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि जरा सरकून जागा दिली, मी रोजच येत असल्यासारखी.

ते दृश्य आलं. बाई घमेलं घेऊन उंबऱ्यात आली. आत वळून म्हणाली, "सगुणे, डाळ उतू जाऊ देऊ नको. मी आलेच."

"व्हय, जाऊबाई," सगुणा म्हणाली.

आणि आजूबाजूच्या चारसहा बायकाही म्हणाल्या, "व्हय, जाऊबाई!" पोरांनीही ओरडून घेतलं. त्यांना रोजच्या खेळाची मजा वाटत होती. सगुणाला त्याचं काही नव्हतं. ती पुढं बघत होती. मग पडद्यावरची बाई उंबरा सारवायला खाली बसली आणि तिनं डावा हात शेणात घातला. कमान दुसऱ्या बाजूला वळली.

मी काय पाहिलं तेवढंच सांगते. मुंबईच्या एका मुलीला उलट्या बाजूनं पाहिलं. तिचं लुगडं मीच नेसवलं होतं, काष्ट्याची घडी ओळखीची होती. दुसरं काही नव्हतं. पण मी अन्साबाईच्या घराशेजारी राहिलेली बाई आहे. तिला रोज सारवताना मी माझ्या दारातून बघत होते. मला तिथून उठावंसं वाटेना.

खेळ झाल्यावर मी म्हटलं, "चल घरी. तुझा दादला उपाशी हाय."

"त्याला भाकरी येती करायला. मी शिकवलीय."

"आगं, पन किती दिस असं?"

ती म्हणाली, "तवा मी डाळीपाशी बसले. तिच्या मागं गेलेच न्हाय. आता एवढं तरी बसू दे की."

मी पदर झटकून उठले. आम्ही तिच्या त्या ओळखीच्या घरी जाऊन पडलो.

पुढं त्याच साली ती तापानं गेली. दवाखान्यात गेली, दोन दिवसांत आटोपलं, त्यात काही विशेष नाही. मी तिथं नव्हते. मला ती शेवटची दिसली ती वडगावलाच, त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

जत्रा उठली होती. तंबूची माणसं खुंट उपटत होती. कनाती निघाल्या होत्या आणि उघड्या रानात नुसता पडदा दोन बांबूंना टांगलेला. उन्हात तो पांढरा पडदा असा काही भगभगत होता की बघवत नव्हतं. पलीकडच्या माळावरच्या शेळ्या त्यातून दिसत होत्या. सगुणा त्यांना मदत करत होती. कुणी सांगितलं नव्हतं. मी रस्त्याला लागले, एसटीची वेळ झाली होती. तिला हाक मारली. तिनं हातानंच, जा, अशी खूण केली.

पडदा खाली आला. घडी घालायला दोन माणसं लागतात. ज्याच्या हातात दुसरं टोक होतं त्याला ट्रकवाल्यानं हाक मारली, तसा तो टोक खाली टाकून पळाला. सगुणा आपलं टोक छातीशी धरून उभी राहिली. ट्रकच्या मागं ती माणसं सामान चढवत होती, कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. पडद्याचं दुसरं टोक धुळीत पडलं होतं, वाऱ्यानं जरा जरा हलत होतं. ती त्या टोकाकडं बघत होती. मी न चढताच माझी एसटी येऊन गेली, तरी ती तशीच उभी होती, कुणीतरी येऊन ते टोक उचलेल म्हणून.